जुना लहान ट्रॅक्टर: घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर

गेल्या दोन-तीन हंगामांत आमच्या धर्मग्रामातील पुष्कळ शेतकऱ्यांनी एकच प्रश्न विचारला आहे. बैलजोडी ठेवणे परवडत नाही, नांगरटीला गडी मिळत नाही, आणि भाड्याचा मोठा ट्रॅक्टर वापसा निघून गेल्यावर येतो. अशा वेळी एखादा जुना पण नीट राखलेला लहान ट्रॅक्टर घ्यावा काय? प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागे घरातली सारी शिल्लक, क्वचित सोसायटीचे कर्ज आणि विकलेल्या बैलांचे पैसे असतात. म्हणून या पानावर त्याचा थोडा सविस्तर विचार करू.

लहान कशासाठी?

ज्याची जमीन दोन-चार एकर आहे, तीही बांधाबांधांनी तुकडे झालेली, त्याला 45-50 अश्वशक्तीचे धूड उपयोगी पडत नाही. दहा गुंठ्यांच्या भातखाचरात ते वळताना कोपरे तसेच राहतात, बांध ढासळतो आणि ओल्या जमिनीत त्याच्या वजनाने खालचा थर दडपला जातो. उसाच्या सरीत, केळीच्या किंवा काजूच्या ओळीत तर अरुंद यंत्रच लागते.

आपल्या भागात या जातीचे जुने यंत्र म्हणजे बहुधा ‘मित्सुबिशी शक्ती’. 1967 साली स्थापन झालेल्या बंगळूरच्या व्ही.एस.टी. कंपनीने जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने ते बनवले. तीन सिलिंडरचे पाण्याने थंड होणारे डिझेल इंजिन, सुमारे 18 अश्वशक्ती, पुढचे सहा गिअर आणि मागचे दोन. याहून थोडे थोराड, 25 अश्वशक्तीच्या आसपासचे जुने ट्रॅक्टरही बाजारात येतात: आयशर, स्वराज 724, एच.एम.टी. 2511. यांपैकी एच.एम.टी.ने झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या सहकार्याने 1971 पासून ट्रॅक्टर बनवले. केंद्र सरकारने 2016 साली तो विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. यंत्र चांगले असेल, पण सुटे भाग कोठे मिळतात याची चौकशी सौद्याआधी करावी. बेळगावच्या दुकानात जाऊन पिस्टन-रिंगा, क्लच-प्लेट आणि पाण्याचा पंप या तीन वस्तू मिळतील काय एवढे विचारले तरी अंदाज येतो.

आधी कागद, मग इंजिन

आपण सीमेवरची माणसे. यंत्र कोल्हापूर बाजूला स्वस्त मिळते म्हणून पुष्कळ जण तिकडे जातात. तेथे एम.एच. 09 चा ट्रॅक्टर घेऊन आपल्या के.ए. 22 च्या हद्दीत कायमचा आणायचा, तर मूळ आर.टी.ओ. कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 28, लागते. मालकी बदलण्यासाठी फॉर्म 29 व 30 वर विकणाऱ्याची सही हवी. आर.सी.वर बँकेचा बोजा चढलेला असेल तर बँकेने सही केलेला फॉर्म 35 हाती आल्याशिवाय इसारापलीकडे एक रुपयाही देऊ नये. नोंदणी पहिल्यांदा 15 वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ते झाले आहे काय हे पाहावे. आर.सी.वरचा चासी नंबर व इंजिन नंबर यंत्रावरच्या आकड्यांशी स्वतः चिंधीने पुसून, वाचून ताडून पाहावा. ‘कागद मागाहून देतो’ हे वाक्य ज्या सौद्यात ऐकू येते, तो सौदा तेथेच सोडावा.

थंड इंजिन पाहावे

विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवावे की आम्ही येईपर्यंत ट्रॅक्टर सुरू करू नका. गेल्यावर प्रथम इंजिनावर हात ठेवावा. ते कोमट लागले तर सकाळी सुरू व्हायला ते कुरकुरते, असा संशय धरावा. थंड इंजिन पुष्कळ गोष्टी बोलून दाखवते.

रेडिएटरचे टोपण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे काय ते पाहावे. ऑईल पाहण्याचा गज काढावा. ऑईल काळे असणे हा दोष नव्हे. डिझेल इंजिनात ते लवकर काळे होते. पण ते दुधाळ चहासारखे दिसले तर आत पाणी शिरले आहे. पातळी खुणेच्या वर असून डिझेलचा वास आला तर पंपातून डिझेल झिरपते आहे. मग हवेचा फिल्टर उघडावा. ऑईलच्या वाटीचा असेल तर वाटीत गाळ साचून घट्ट झाला आहे काय, पुढच्या नळीत आतून धुळीचा हात लागतो काय, ते पाहावे. ज्याने हवेच्या फिल्टरची पर्वा केली नाही, त्याच्या इंजिनाने वर्षानुवर्षे माती खाल्ली असे समजावे.

आता सुरू करावे. थंडीत क्षणभर पांढरा धूर येणे क्षम्य आहे. लहान इंजिनांत आधी ग्लो-प्लग तापवावा लागतो, हेही ध्यानात असू द्यावे. निळसर धूर सतत येत राहिला तर ऑईल जळते आहे. भार घातल्यावर काळा धूर फार आला तर हवा कमी पडते आहे किंवा नोझल बिघडले आहे. पंधरा-वीस मिनिटांनी ऑईल भरण्याचे टोपण सैल करून पाहावे. तेथून भकाभका वाफ उसळली तर रिंगा झिजल्या आहेत आणि इंजिन उघडावे लागणार.

रंगाला भुलू नये

नवा रंग हा जुन्या देखभालीचा पुरावा नव्हे. आमच्या परिसरातील एका कुटुंबाने झगझगीत लाल रंगाचा ट्रॅक्टर घेतला आणि पहिल्याच चिखलणीत त्याचे इंजिन बसले. रोपे तरव्यातच मोठी झाली आणि लावणी पंधरवडाभर लांबली. दुसऱ्या एका शेतकऱ्याने उन्हाने विटलेला, पत्र्यावर पोचे पडलेला ट्रॅक्टर घेतला. पण त्याच्या प्रत्येक ग्रीस-निपलवर ताजे ग्रीस होते आणि पहिल्या मालकाने ऑईल बदलल्याच्या तारखा शाळकरी वहीत लिहून ठेवल्या होत्या. त्या यंत्राने आजवर एकही हंगाम चुकवलेला नाही.

तासांचा मीटर बंद पडलेला असू शकतो, पण झीज लपत नाही. क्लचच्या पेडलवरचे रबर, ट्रॉली जोडण्याचे भोक, लिफ्टच्या खालच्या दांड्यांचे गोळे पाहावेत. गोल भोक लांबट झाले असेल, तर मीटर 800 तास दाखवो, यंत्राने ट्रॉली पुष्कळ ओढली आहे. पुढचा भाग जॅकवर उचलून चाके हलवावीत. खडखडाट आला तर पिना आणि बुश गेले. लिफ्टवर नांगर उचलून इंजिन बंद करावे. तो काही मिनिटे तसाच राहिला तर ठीक. बघता बघता जमिनीला टेकला तर सील झिजले आहेत. चारही चाकांना ओढ असलेला ट्रॅक्टर असेल तर पुढचे व मागचे टायर मूळ मापाचेच आहेत ना, हे अवश्य पाहावे. मापे बिघडली की पुढचे गिअर एकमेकांशी झगडून झिजतात. शक्यतो भरवशाचा मिस्त्री बरोबर न्यावा, आणि त्याची मजुरी विकणाऱ्याने नव्हे, आपण द्यावी.

हिशेब

समजा, ट्रॅक्टरला दीड लाख आणि सुरुवातीच्या दुरुस्तीला तीस हजार लागले. तो सहा वर्षे चालेल आणि वर्षाला 150 तास काम करील असे धरले, तर दर वर्षी तीस हजार, म्हणजे डिझेल-ऑईल सोडून तासाला 200 रुपये पडतात. पण काम वर्षाला 50 तासच असेल तर हाच आकडा 600 होतो. गावातल्या भाड्याच्या दराशी ताडून पाहावे. एकट्याला परवडत नसेल तर दोन-तीन घरांनी मिळून घ्यावा. मात्र वापराची पाळी, डिझेल आणि दुरुस्तीची वाटणी आधी कागदावर लिहावी. भाऊबंदांतही लिहावी.

घरी आणल्यावर

पहिल्या आठवड्यात इंजिन, गिअर व हायड्रॉलिक यांचे ऑईल आणि सर्व फिल्टर बदलावेत. डिझेलचा फिल्टर बदलल्यावर नळीतली हवा काढावी लागते, ते मिस्त्रीकडून एकदा शिकून घ्यावे. मग वही घालावी आणि त्या दिवशीचा मीटर पहिल्या ओळीत लिहावा.

यंत्राची चाल स्वतः मोजावी. शेतात 25 मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोकाव्यात. एका गिअरमध्ये ते अंतर 30 सेकंदांत कापले तर वेग ताशी 3 किलोमीटर झाला. रोटाव्हेटर एक मीटर रुंद असेल तर तासाला 3,000 चौरस मीटर. वळणे आणि चुकलेल्या पट्ट्या वजा जाता 2,400 धरावे. एकर 4,047 चौरस मीटरचा, म्हणजे एकराला सुमारे एक तास चाळीस मिनिटे. टाकी काठोकाठ भरून काम करावे आणि परत मापाने भरावी, म्हणजे एकरी डिझेलही कळते. काही लहान ट्रॅक्टरांत पी.टी.ओ.ला दोन-तीन वेग असतात. पुष्कळ अवजारे मिनिटाला 540 फेऱ्यांसाठी बनलेली असतात. त्याहून फार जास्त वेगावर ती फिरवणे म्हणजे अवजार आणि माणूस दोघांना धोका.

जिवाची काळजी

लहान ट्रॅक्टर निरुपद्रवी वाटतो, आणि तेथेच घात होतो. तो अरुंद असल्याने उतारावर आडवा चालवला तर लवकर कलंडतो. बांध सरळ आणि सावकाश ओलांडावा. चिखलात रुतला तर मागून ओंडका बांधून जोर करू नये. पुढची चाके उचलून यंत्र चालवणाऱ्याच्या अंगावर उलटते. ओढ नेहमी मागच्या खालच्या हुकालाच द्यावी.

पी.टी.ओ.च्या फिरत्या दांड्यावर कवच नसेल तर ते आधी बसवावे. लुगड्याचा पदर, गळ्यातला टॉवेल किंवा सैल बाही त्यात एका क्षणात गुंडाळली जाते. मडगार्डवर मुलाला बसवून फिरवणे हे लाड नव्हेत. गोठ्यात किंवा बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये. त्या धुराला वास असो वा नसो, त्यातला विषारी वायू माणसाला झोपेतच नेतो. डिझेलच्या किंवा हायड्रॉलिकच्या नळीची गळती बोटाने चाचपू नये. दाबाची बारीक धार कातडीत शिरली तर वर टाचणीएवढेच भोक दिसते, पण आत मांस सडते. अशा वेळी दुखत नसले तरी त्याच दिवशी इस्पितळात जावे. गंजक्या लोखंडाची जखम झाली तर ती धुऊन धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे.

बैलाला आपण काम संपल्यावर पाणी दाखवतो, खूर पाहतो, पाठीवरून हात फिरवतो. ट्रॅक्टरला हंबरता येत नाही, म्हणून रोज सकाळी पाच मिनिटे त्याच्याजवळ उभे राहून पाणी, ऑईल, ग्रीस आणि नटबोल्ट आपणच पाहावेत. पावसाळ्यापूर्वी कोणी जुना ट्रॅक्टर पाहायला जाणार असेल, तर हे पान खिशात घालून न्यावे आणि एकेक गोष्ट ताडून मगच हातावर पैसे ठेवावेत.