खो-खोतील मानाचा ‘एकलव्य’

वर्धा : वरिष्ठ गटाच्या राष्ट्रीय खो-खो अजिंक्यपद स्पर्धेत दरवर्षी सर्वोत्तम पुरुष खेळाडूस ‘एकलव्य’, तर महिला खेळाडूस ‘राणी लक्ष्मीबाई’ पुरस्कार देण्यात येतो. अठरा वर्षांखालील मुलांसाठी ‘वीर अभिमन्यू’ आणि मुलींसाठी ‘जानकी’ असे पुरस्कार आहेत. आक्रमणात गडी टिपणे आणि संरक्षणात वेळ काढणे, दोन्ही कौशल्ये या खेळात सारखीच मोलाची. साहजिकच अष्टपैलू खेळाडूचे पारडे जड असते.

वर्ध्यातील खेळाडूची या पुरस्काराकडे जाणारी वाट विदर्भाच्या संघातून जाते. राष्ट्रीय स्पर्धेत आपल्या राज्यातून महाराष्ट्र, विदर्भ व कोल्हापूर असे तीन स्वतंत्र संघ उतरतात.

खो-खोच्या वर्तुळात या पुरस्काराला मोठी प्रतिष्ठा आहे. त्याबाहेर मात्र तो फारसा कुणाला ठाऊक नाही. अर्जुन पुरस्कारानेही १९९८ नंतर खो-खोला तब्बल २२ वर्षे ताटकळत ठेवले. अखेर २०२० मध्ये उस्मानाबादच्या (आताचे धाराशिव) सारिका काळे हिची निवड झाली. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तीत भारताच्या महिला संघाने विजेतेपद पटकावले. त्या संघाची कर्णधार, महाराष्ट्राची प्रियांका इंगळे, हिच्या नावावर ‘राणी लक्ष्मीबाई’ पुरस्कार आधीच जमा होता.