गार पाण्याची दाढी: खुंट नेमके कशानं मऊ होतात?

वीज गेली, गिझर तापला नाही, की दाढी उद्यावर ढकलणारे पुष्कळ आहेत. गार पाण्यानं चेहरा सोलवटतो, ब्लेड अडकतं, खुंट मागे राहतात, असं घरोघरी सांगितलं जातं. उलट काही जण गार पाण्याचे इतके गोडवे गातात की मुरमांपासून सुरकुत्यांपर्यंत सगळ्यावर तोच उपाय वाटावा. दोन्हीकडे थोडं खरं आहे आणि बरंचसं ऐकीव. गार पाण्यानं दाढी निर्धास्त करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त ती का जमते हे ठाऊक असलं पाहिजे, नाहीतर पहिल्याच दिवशी गाल चुरचुरतात आणि दोष पाण्याच्या माथी बसतो.

सगळ्यात पक्का बसलेला समज म्हणजे दाढी उष्णतेनं मऊ होते. ती मऊ होते पाण्यानं. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि कोरडा असताना चांगलाच चिवट असतो. पाणी आत शिरलं की केराटिनच्या साखळ्यांना एकमेकींशी धरून ठेवणारे हायड्रोजन बंध सैल होतात. पूर्ण भिजलेला केस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी धरतो. त्याची जाडी १४-१५ टक्क्यांनी वाढते, लांबी जेमतेम १-२ टक्क्यांनी. असा फुगलेला केस कापायला कोरड्या केसापेक्षा बराच कमी जोर लागतो. गरम पाण्यानं हे सगळं लवकर घडतं, एवढाच काय तो त्याचा वाटा. गार पाण्याला तीनेक मिनिटं द्यावी लागतात. आपण तोंडावर दोन हबके मारतो, फेस लावतो आणि लगेच रेझर चालवतो. तिथे पाणी गार होतं म्हणून नव्हे, तर केस भिजलाच नव्हता म्हणून ओढ बसते.

गरम पाण्याचा आणखी एक फायदा मात्र खरा आहे. चेहऱ्यावरचं तेल त्यानं सहज सुटतं. गार पाणी तेलकट गालावरून नुसतं ओघळून जातं आणि केसापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून गार पाण्याची दाढी करायची तर आधी साबणानं चेहरा धुवायचा. ही पायरी गाळणारेच गार पाण्याला सर्वांत जास्त नावं ठेवतात.

गावाकडच्या जुन्या कारागिरांचे हात हे शास्त्र जाणत होते. पारावर बसून धोकटी उघडायची, वाटीत साधं पाणी घ्यायचं आणि ओल्या बोटांनी गिऱ्हाइकाचे गाल, हनुवटी, नाकाखालची जागा चोळत राहायचं. गावभरच्या गप्पा चालायच्या, पण बोटं थांबायची नाहीत. गाल सुकतोय असं वाटलं की बोटं परत वाटीत. साबण पुष्कळदा नसायचाच. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासून होईपर्यंत खुंट पुरते भिजलेले असायचे. सलूनमधल्या गरम टॉवेलचं काम याहून फार वेगळं नाही. टॉवेलची ऊब सुखावते खरी, पण ओलावा चार मिनिटं चेहऱ्याला चिकटून राहतो, हे त्यातलं खरं कामाचं.

दुसरा समज रंध्रांचा. गरम पाण्यानं ती उघडतात, गार पाण्यानं मिटतात, असं जाहिरातीही सांगतात. त्वचेची रंध्रं म्हणजे दारं नव्हेत. त्यांची उघडझाप करणारे स्नायूच तिथे नसतात. वाफेनं आतलं तेल पातळ होऊन बाहेर येतं, त्यामुळे ती मोकळी झाल्यासारखी वाटतात. थंडीनं आकसतात त्या रक्तवाहिन्या. म्हणूनच गार पाण्यानं दाढी केल्यावर चेहरा कमी लाल दिसतो, आग कमी होते आणि बारीकसं कापलं तर रक्तही कमी येतं. हा फायदा खरा आहे, पण त्याचा रंध्रांशी काही संबंध नाही. तुरटीचं काम आणखी निराळं: ती जखमेवरची प्रथिनं गोठवते आणि रक्ताचं झिरपणं थांबवते. पाणी गार असो वा गरम, ती उपयोगीच. फक्त एकच खडा दहा जणांच्या गालांवरून फिरता कामा नये.

गार पाण्याच्या बाजूचाही एक समज खोडून काढायला हवा. गारव्यानं केस ताठ आणि कडक होतो, म्हणून मुळाशी कापला जातो, असं म्हणतात. त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो. नळाच्या पाण्यानं तो गारठून कडक होत नाही. थंडीनं काटा येतो तेव्हा मुळाजवळचा इवलासा स्नायू केसाला उभा करतो, पण केस आहे तसाच राहतो.

मग ब्लेड. गरम पाण्यानं धार जाते, ही तक्रार कायम ऐकू येते. ब्लेडचं पोलाद कारखान्यात शेकडो अंश तापवून कडक केलेलं असतं; ५० अंशांच्या पाण्याचं त्याला काहीच वाटत नाही. धार जाते ती केसांनीच. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांचा अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. केस हा पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ, तरी ब्लेड बोथट का होतं, हे त्यांना शोधायचं होतं. त्यातल्या एकानं स्वतः दाढी करून ती ब्लेडं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. धार गुळगुळीत झिजलेली नव्हती, तिचे बारीक टवके उडाले होते. केस वाकून तिरपा झाला आणि धारेवरच्या कमकुवत जागी नेमका भिडला की टवका उडतो. पाण्याच्या तापमानापेक्षा हे कितीतरी महत्त्वाचं.

आपल्याकडे आणखी एक घोळ होतो तो जड पाण्याचा. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की साबणाचा फेस होत नाही, नुसता साका होतो. हेच पाणी चांगलं तापलं की काही क्षार खाली बसतात. गिझरच्या कॉइलवरचा पांढरा थर त्यांचाच. त्यामुळे गरम पाण्यात फेस बरा येतो आणि श्रेय उष्णतेला मिळतं. अशा घरी वाटीभर फिल्टरचं किंवा उकळून गार केलेलं पाणी फेसासाठी ठेवावं. गारव्यात फेस लवकर सुकत नाही, हा गार पाण्याचा वरचा नफा. शिवाय फक्त दाढीसाठी १५ लिटरचा गिझर लावला, तर पाणी ३० अंशांनी तापवायला अर्धा युनिट वीज जाते आणि त्यातलं तांब्याभरच पाणी वापरलं जातं.

उष्णतेनं ज्यांचा चेहरा लालबुंद होतो, त्यांना गार पाणी विशेष मानवतं. कुरळ्या दाढीचे केस कापल्यावर वळून त्वचेत शिरतात आणि पुटकुळ्या येतात. त्यांचा त्रास गार पाण्यानं जात नाही. तिथे केस वाढतात त्याच दिशेनं हलक्या हातानं रेझर फिरवणं आणि उलटी दाढी टाळणं, हेच कामी येतं. काहींना गार पाणी लागताच अंगावर गांधी उठतात. त्यांनी हा प्रयोग करू नये. कोमट पाणी घ्यावं. आणि डिसेंबरात पाणी बर्फासारखं असेल तेव्हा गाल बधिर होतो, कापलेलं लगेच कळत नाही. अशा सकाळी ब्लेड नवं असावं आणि हात नेहमीपेक्षा हलका.