मासे पळू नयेत म्हणून लावलेली जाळी

आजचा एपिसोड एका खाजगी धरणावर आहे. ना शेतीसाठी, ना विजेसाठी. फक्त बोटिंग आणि मासेमारीसाठी.

जागा अमेरिकेतली, पेनसिल्व्हेनिया. साऊथ फोर्क नावाचं मातीचं धरण, उंची साधारण 72 फूट. मुळात ते सरकारने कालव्याला पाणी पुरवायला बांधलं होतं. रेल्वे आली, कालवा बंद पडला, धरण बेवारस झालं. 1862 मध्ये एकदा फुटलंही, पण तेव्हा आत पाणी कमी होतं, म्हणून निभावलं. पुढे एका मालकाने तळातले पाणी सोडायचे लोखंडी पाईप काढून भंगारात विकले. 1879 मध्ये श्रीमंतांच्या एका क्लबने ते घेतलं. अँड्र्यू कार्नेगी, हेन्री फ्रिक वगैरे मंडळी त्याचे मेंबर.

आता बघा काय झालं. पाईप परत बसवलेच नाहीत. म्हणजे तळं रिकामं करून दुरुस्ती करायची सोयच संपली! समोरासमोरून दोन घोडागाड्या जाव्यात म्हणून धरणाचा माथा थोडा कापून रुंद केला, म्हणजे उंची कमी झाली. आणि सांडव्याच्या तोंडाला जाळी लावली, महागडे मासे पळू नयेत म्हणून.

मी कोड लिहितो, त्यामुळे हे फार ओळखीचं वाटतं. प्रत्येक बदल छोटा, प्रत्येकामागे कारण, आणि रोलबॅक कुणीतरी आधीच डिलीट केलेला.

सांडवा का महत्त्वाचा? काँक्रीटच्या धरणावरून पाणी वाहिलं तर ते बऱ्याचदा टिकतं. मातीच्या धरणावरून वाहिलं की पलीकडचा उतार खरवडत जातो, आणि एकदा खाच पडली की तीच झपाट्याने मोठी होते. म्हणून माथा सांडव्यापेक्षा बराच उंच लागतो, आणि मध्ये खचलेला तर अजिबात नको. भरावावर झाडंही वाढू देत नाहीत, कारण मुळं कुजली की पाण्याला आतून वाट मिळते.

खाली जॉन्सटाऊनमध्ये पोलाद कारखाना होता. त्याच्या प्रमुखाने, डॅनियल मॉरेलने, 1880 मध्ये इंजिनिअर पाठवून पाहणी करवली. पाईप नाहीत, दुरुस्ती कच्ची, असा रिपोर्ट आला. मॉरेल खर्चात वाटा उचलायलाही तयार होता. क्लबने मात्र सांगितलं, काही धोका नाही.

31 मे 1889. प्रचंड पाऊस. जाळीत फांद्या-ओंडके अडकले, सांडवा तुंबला. माणसं फावडी घेऊन बाजूला नवी चारी खणत होती, पण जमीन कडक. धोक्याच्या तारा खाली पाठवल्या होत्या. पण धरण फुटणार हे लोकांनी इतक्यांदा ऐकलं होतं, की फारसं कुणी मनावर घेतलं नाही. दुपारी तीनच्या सुमारास धरण गेलं. सुमारे तासाभरात पाणी 14 मैल खालच्या जॉन्सटाऊनवर आदळलं. 2,200 हून जास्त माणसं मेली.

क्लबवर खटले झाले. कोर्टात एकही टिकला नाही.