फिटचं औषध चालू आहे आणि लेकरू पोट धरून बसलंय

मिरगी म्हणा, फिट म्हणा, फेफरं म्हणा, आजार एकच. फिट आली तर कांदा हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, लेकराला कुशीवर वळवा, हे आता बहुतेक जणींना माहीत आहे. आज त्याच्या पुढचं बोलू. औषध सुरू झालं, फिट थांबल्या, लेकरू शाळेत जायला लागलं. आणि एक दिवस ते पोट धरून बसलं. तेव्हा काय करायचं?

एरवी आपण काय करतो? लग्नात खाल्लेलं बाधलं म्हणतो, नजर लागली म्हणतो. ओवा चावायला देतो, दुकानातून गोळी आणतो. बरेचदा तेवढ्याने बरंही वाटतं. पण लेकराला सोडियम व्हॅल्प्रोएट नावाचं औषध चालू असेल, तर जोराच्या पोटदुखीत घरी वाट बघत बसू नका.

हे औषध वाईट नाही, हे आधी सांगतो. १९६७ पासून ते फिटसाठी वापरात आहे आणि लाखो लेकरांना त्याचा गुण आला आहे. पण क्वचित कुणाला त्याने स्वादुपिंडाला सूज येते. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या बाजूला असतं. अन्न पचवणारा रस ते तयार करतं आणि आतड्यात सोडतं. सूज आली की तो रस आतल्या आतच काम सुरू करतो आणि स्वादुपिंडालाच जाळू लागतो. वेळेवर उपचार झाले तर बहुतेक मुलं बरी होतात, उशीर झाला तर जिवावर बेतू शकतं.

किती जणांना होतं? औषधाच्या चाचण्यांमध्ये २,४१६ रुग्णांपैकी २ जणांना दुसरं काही कारण नसताना हा त्रास झाला. म्हणजे फार थोडे. तरी अमेरिकेच्या औषध खात्याने २००० साली या औषधाच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत हा इशारा छापायला लावला. कारण हा त्रास औषध सुरू केल्यावर लगेच होऊ शकतो, तसा कित्येक वर्षांनीही. 'दोन वर्षं घेतोय, काही झालं नाही, आता कशाला होईल' हा हिशेब इथे चालत नाही.

औषध नवीन असताना थोडं मळमळणं नेहमीचं आहे. जेवणानंतर दिलं की ते कमी होतं. असं लेकरू उलटी करून परत खेळायला पळतं. स्वादुपिंडाचं दुखणं वेगळं. दुखतं वरच्या पोटात, कळ पाठीत जाते, लेकरू गुडघे पोटाशी घेऊन वाकून पडतं. उलटी थांबत नाही, पाणीही टिकत नाही, जेवणावरची वासना जाते, कधी ताप येतो. ज्या लेकराला बोलता येत नाही त्याच्याकडे जास्त लक्ष द्या. ते नुसतं रडेल, पोटाला हात लावू देणार नाही. फिटच्या आजारात अशी मुलं पुष्कळ असतात, आणि त्यांच्या रडण्याला 'हट्टी आहे' म्हणून सोडून दिलं जातं. डोळे पिवळे दिसले किंवा लेकरू सारखं सुस्त पडून राहिलं, तर ते यकृताचं लक्षण असू शकतं. तेव्हाही थांबू नका.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. हे ऐकून कुणी आजपासून औषध बंद करू नका! अचानक बंद केलं तर फिट उलटते, कधी एकामागून एक येत राहते, आणि तीही जीव घेऊ शकते. स्वादुपिंडाला सूज असेल तर हे औषध थांबवावंच लागतं, पण ते दवाखान्यात, त्याच्या जागी दुसरं औषध देऊन. म्हणून पुढचा डोस द्यायचा की नाही यावर घरात खल करू नका. लगेच निघा.

निघताना औषधाची बाटली किंवा गोळ्यांचं पाकीट पिशवीत टाका. त्यावर कंपनीने दिलेलं नाव असतं, तसंच औषधाचंही. शाळेत जाणाऱ्या पोरीकडून किंवा आशाताईंकडून ते आजच वाचून घ्या. व्हॅल्प्रोएट किंवा डायव्हॅल्प्रोएक्स असं काही दिसलं तर हेच औषध समजा. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, 'याला फिटचं हे औषध चालू आहे.' मग स्वादुपिंडासाठी रक्त तपासायचं का, असं विचारा. विचारायला लाजू नका. लायपेज आणि अमायलेज अशी त्या तपासण्यांची नावं आहेत, गरज वाटली तर सोनोग्राफीही करतात. चाळीसगावहून मोठ्या दवाखान्यात पाठवलं तर धुळ्याला किंवा जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आहेत. १०८ ची गाडी फुकट येते.

सूज निघाली तर सलाईन, दुखण्यावरचं औषध आणि हळूहळू खाणं असा उपचार असतो. त्यानंतर ते औषध त्या लेकराला पुन्हा चालत नाही. कार्डावर तसं लिहून घ्या, आणि पुढे कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी ते कार्ड दाखवा.

एक गटासाठी. रात्री गाडी करायला हातात पैसे नसतात, म्हणून सकाळची वाट पाहिली जाते. येत्या बैठकीत ठराव करून थोडी रक्कम वेगळी ठेवा आणि ती अर्ध्या रात्री कुणाच्या घरून मिळेल ते ठरवा.