दास्यभक्ती

दास्यभक्ती : ईश्वराला स्वामी व स्वतःला त्याचा सेवक मानून केलेली भक्ती. भागवत पुराणाच्या सातव्या स्कंधात प्रल्हादाने सांगितलेल्या नवविध भक्तीत श्रवण, कीर्तन, स्मरण, पादसेवन, अर्चन व वंदन यांनंतर दास्य हा सातवा प्रकार येतो. सख्य व आत्मनिवेदन हे त्यापुढील दोन प्रकार होत. दास्याचा आदर्श म्हणून हनुमानाचा, सख्याचा म्हणून अर्जुनाचा व आत्मनिवेदनाचा म्हणून बळीचा निर्देश परंपरेने केला जातो. लौकिक व्यवहारात ‘दास’ हा शब्द स्वतःच्या देहावर व श्रमावरही सत्ता नसलेल्या माणसाचा वाचक आहे. त्यामुळे ईश्वराची उपासना ही एक प्रकारची गुलामगिरी आहे, की प्रेमाने व स्वेच्छेने पत्करलेले नाते आहे, असा प्रश्न या संकल्पनेतून उद्‌भवतो. या प्रश्नाला तात्त्विक अंग आहे, तसेच सामाजिकही आहे. महाराष्ट्रात, आणि त्यातही वऱ्हाडात, ही दोन्ही अंगे तेराव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंत स्पष्टपणे पाहावयास मिळतात.

लौकिक दास्य : प्राचीन भारतात दास्य ही कायद्याने मान्य केलेली संस्था होती. मनुस्मृतीत दासांचे सात प्रकार दिले आहेत, तर नारदस्मृतीत पंधरा. घरात जन्मलेला, विकत घेतलेला, युद्धात जिंकलेला, कर्जापायी दास झालेला, असे प्रकार त्यांत आहेत. त्यांतच ‘मी तुझा आहे’ असे म्हणून आपण होऊन दास्य पत्करणाऱ्याचीही गणना आहे. दासाला मुक्त करताना स्वामीने त्याच्या खांद्यावरील पाण्याचा घडा उतरवून फोडावा आणि तो आता दास नाही असे जाहीर करावे, असा विधी नारदस्मृतीत सांगितला आहे. शरणागतीच्या भक्तिमार्गी परिभाषेतही ‘मी तुझा आहे’ हेच उद्‌गार मध्यवर्ती आहेत. भक्तीने आपली भाषा समाजातील एका प्रत्यक्ष व कठोर संस्थेकडून घेतली, ही गोष्ट या विषयाचा विचार करताना दृष्टीआड करता येत नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलातील प्रदेशात दास्याची कायदेशीर मान्यता १८४३ च्या कायद्याने संपुष्टात आली.

तात्त्विक विवेचन : उपासना म्हणजे पारतंत्र्य, हा आक्षेप आधुनिक काळातच निघाला असे नाही. रामानुजाचार्यांनी (परंपरेनुसार १०१७–११३७) वेदार्थसंग्रह या ग्रंथाच्या अखेरच्या भागात तो पूर्वपक्ष म्हणून मांडला आहे. परवशता म्हणजे दुःख आणि सेवा म्हणजे श्वानवृत्ती असे स्मृतीच सांगत असता ईश्वराचे दास्य सुखरूप कसे ठरेल, असा हा पूर्वपक्ष आहे. यावर त्यांचे उत्तर असे, की मनुष्य स्वतःला जे समजतो त्यानुसार त्याचे सुखदुःख ठरते. देहालाच आत्मा मानणाऱ्याला कोणतीही सेवा अपमानास्पद वाटते. जीव हा स्वरूपतःच परमात्म्याचा ‘शेष’, म्हणजे त्याच्यासाठी असणारा आहे. म्हणून परमात्म्याची सेवा हा त्याचा स्वभावाविष्कार होय. स्मृतीतील निंदा अपात्राच्या सेवेला लागू पडते. मध्वाचार्यांनीही (१२३८–१३१७) जीव हा नित्य परतंत्र व केवळ ईश्वर स्वतंत्र असल्याचे प्रतिपादिले. या दोन्ही मतांत दास्य ही जीवाची वस्तुस्थिती ठरते आणि निवडीचा प्रश्न ती ओळखण्यापुरता उरतो.

भगवद्‌गीतेच्या अठराव्या अध्यायातील क्रम या संदर्भात लक्षणीय आहे. सर्व सोडून मला शरण ये, असे कृष्ण सहासष्टाव्या श्लोकात सांगतो. मात्र त्याच्या तीनच श्लोक आधी, सांगितलेल्या ज्ञानाचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेस येईल तसे कर, असे तो अर्जुनाला म्हणतो. शरणागतीचे आवाहन येथे विचारस्वातंत्र्याच्या मान्यतेनंतर येते. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात निर्हेतुक भक्ती सर्वश्रेष्ठ ठरविली असून, असा भक्त सेवेवाचून मिळणारी मुक्तीही नाकारतो, असे म्हटले आहे. दंडाच्या भीतीने वा वेतनाच्या आशेने राबणारा दास आणि देऊ केलेली मुक्ती बाजूला सारून सेवा निवडणारा भक्त यांतील भेद यावरून स्पष्ट होतो. चैतन्य संप्रदायातील रूपगोस्वामींनी भक्तिरसामृतसिंधु (१५४१) या ग्रंथात शांत, दास्य, सख्य, वात्सल्य व माधुर्य असे मुख्य भक्तिरस मानले व पुढचा प्रत्येक रस अधिक जवळिकीचा ठरविला. या मांडणीत दास्य ही भक्तीची परिसीमा नसून एक पायरी होय. [→ भक्तिमार्ग].

मराठी संतांची भूमिका : ज्ञानेश्वरांच्या (१२७५–९६) मते भक्तीसाठी देव व भक्त यांचे वेगळेपण आवश्यक नाही. अमृतानुभवात त्यांनी एकाच खडकातून कोरलेल्या देवाचा, देवळाचा व सेवकवर्गाचा दृष्टांत दिला आहे. स्वामी व सेवक जेथे एकाच द्रव्याचे आहेत, तेथे सेवा ही सक्ती असू शकत नाही; ती एकाच तत्त्वाची आपल्या ठायी चाललेली क्रीडा ठरते.

वारकरी परंपरेत स्वामी–सेवक हे नाते दुहेरी आहे. पुंडलिकासाठी विठ्ठल विटेवर तिष्ठत राहतो, जनाबाईसोबत दळण दळतो, एकनाथांच्या (१५३३–९९) घरी श्रीखंड्या होऊन पाणी भरतो. या कथांची ऐतिहासिकता बाजूला ठेवली, तरी देव भक्ताचा अंकित होतो हा त्यांतील सिद्धांत महत्त्वाचा आहे. नामदेव, जनाबाई, तुकाराम हे संत देवाला एकेरी संबोधतात, त्याच्याशी भांडतात, त्याला बोल लावतात. लौकिक दासाला धन्यावर रागावण्याचा अधिकार नसतो; संतांच्या दास्याला तो आहे. रामदासांनी (१६०८–८१) दासबोधाच्या चौथ्या दशकातील सातव्या समासात दास्यभक्तीचे विवरण केले असून जीर्ण देवालयांचा जीर्णोद्धार, धर्मशाळा व जलाशय यांची उभारणी, पडेल ते काम करण्याची तयारी यांचा तीत समावेश केला आहे. दास्याला त्यांनी अशा प्रकारे लोकोपयोगी कर्माची जोड दिली.

वऱ्हाडातील परंपरा : अचलपूर–परतवाडा या जुळ्या नगरांचा परिसर या दृष्टीने उल्लेखनीय आहे. अचलपूरजवळील अष्टमासिद्धी हे महानुभावांचे तीर्थस्थान असून, मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर ही श्रीगोविंदप्रभूंची (तेरावे शतक) वास्तव्यभूमी होय. महानुभाव तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परांहून भिन्न मानले जातात. देवता आपापल्या मर्यादेतील नाशवंत फळे देतात आणि फळाच्या आशेने त्यांची उपासना करणारा जीव बंधनातच राहतो; केवळ परमेश्वर मोक्ष देतो. म्हणजे, उपासना बंधनकारक की मोचक, हे उपास्य कोण व हेतू कोणता यांवर ठरते, अशी या पंथाची भूमिका आहे. चक्रधरांनी संन्यासाचा अधिकार स्त्रिया व शूद्र यांनाही दिला. म्हाइंभटाने लिहिलेल्या चरित्रातील गोविंदप्रभू सोवळ्याओवळ्याचे व जातीचे निर्बंध पाळत नाहीत. त्यांच्या सहवासात महदंबेने रचलेल्या धवळ्यांत सेवेइतकाच कौतुकाचा व आनंदाचा भाव आहे. [→ महानुभाव पंथ].

चांदूरबाजार तालुक्यातील माधान येथील गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांनी हा प्रश्न वेगळ्या अंगाने सोडविला. ते जन्माने कुणबी होते आणि तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली होती. इतरांकडून ग्रंथ वाचून घेऊन त्यांनी वेदान्त, सांख्य, योग यांबरोबरच डार्विन व स्पेन्सर यांच्या मतांचाही परामर्श घेतला. ते स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या व श्रीकृष्णाची पत्नी मानीत आणि मंगळसूत्र, कुंकू ही सौभाग्यचिन्हे धारण करीत. त्यांच्या मताला ‘मधुराद्वैत’ असे नाव आहे. अद्वैताचे ज्ञान झाल्यावरही सगुण प्रेम शिल्लक राहते व ते ज्ञानाच्या आड येत नाही, हा त्याचा गाभा होय. गरज संपल्यानंतरही टिकणारी भक्ती ही गरजेतून किंवा भयातून आलेली नाही, हे उघड आहे. तथापि पत्नीभावाचे हे रूपक ज्या समाजातून आले, त्यात पत्नीचे स्थानही पराधीनच होते. प्रेमाचे रूपक घेतल्याने सत्तेचा प्रश्न आपोआप सुटत नाही, ही मर्यादा येथेही जाणवते.

सामाजिक आक्षेप : दास्यभक्तीचा सर्वांत गंभीर टीकाविषय तत्त्वज्ञानात नाही, तर समाजस्थितीत आहे. राजाने वा विद्वानाने स्वतःला देवाचा दास म्हणविणे हा अहंकाराचा त्याग ठरतो. ज्याला दास्य जन्मानेच मिळाले आहे, त्याच्यापाशी त्यागण्यासारखा अहंकार समाजाने ठेवलेलाच नसतो. जनाबाई ही नामदेवांच्या घरची दासी होती. ते दास्य तिने निवडलेले नव्हते. विठ्ठलाचे दास्य तिने निवडले आणि त्यात तिला घरात नसलेला बरोबरीचा अधिकार मिळाला. चोखामेळ्याला (मृ. १३३८) मात्र ज्या देवाची सेवा निवडली, त्याच्या मंदिरात प्रवेश नव्हता. त्याची समाधीही पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर आहे.

जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी गुलामगिरी (१८७३) या ग्रंथात धर्माच्या आधारे लादलेल्या दास्याची चिकित्सा केली आणि मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक (१८९१) या ग्रंथात सर्वांना समान हक्क देणाऱ्या निर्मिकाची कल्पना मांडली. देव मानूनही मध्यस्थांचे दास्य नाकारता येते, हे त्यातून सूचित झाले. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावती येथे बाबासाहेब आंबेडकर (१८९१–१९५६) यांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्य मानलेल्या वर्गाची परिषद भरली. अंबादेवीच्या मंदिरातील प्रवेश हा तिच्यापुढील प्रमुख विषय होता. १९३० मध्ये नासिक येथे काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. या लढ्यांमागे दर्शनाच्या ओढीपेक्षा समान मानवी हक्काची मागणी अधिक होती. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. भक्ती नाकारण्याचा अधिकार हाही धर्मस्वातंत्र्याचाच भाग आहे, हे या घटनेने दाखवून दिले. धर्मातील भक्ती मोक्षाचा मार्ग असू शकेल, परंतु राजकारणातील भक्ती ही अधोगतीकडे व हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ मध्ये अस्पृश्य मानलेल्या वर्गाला खुले झाले.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) दास्याचे उपास्यच बदलले. हातात खराटा घेऊन गावे झाडणे, यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधणे, कीर्तनांतून पशुबळीचा व कर्ज काढून केलेल्या धर्मकृत्यांचा निषेध करणे, ही त्यांची उपासना होती. नवसाच्या देवघेवीला त्यांनी विरोध केला. कारण तीत भक्त हा प्रेमी नसून भयग्रस्त ऋणको असतो. त्याच जिल्ह्यातील तुकडोजी महाराजांनी (१९०९–६८) गुरुकुंज मोझरी येथून सामुदायिक प्रार्थना व ग्रामसेवा यांची सांगड घातली.

इतर धर्मांतील विचार : अरबी भाषेत ‘अब्द’ म्हणजे दास, अब्दुल्ला या नावाचा अर्थ ‘अल्लाचा दास’ असा होतो. एका ईश्वराचा दास हा अन्य कोणाचाही दास नसतो, असा या शब्दाचा मुक्तिदायी अर्थ इस्लामी विचारवंतांनी लावला आहे. बसरा येथील सूफी साध्वी राबिया (मृ. ८०१) हिने नरकाच्या भयाने वा स्वर्गाच्या लोभाने केलेली उपासना त्याज्य मानली. ख्रिस्ती परंपरेत संत पॉल स्वतःला ख्रिस्ताचा दास म्हणवितो. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र येशू आपल्या शिष्यांना यापुढे दास न म्हणता मित्र म्हणतो. दास्याकडून सख्याकडे जाणारा हा क्रम नवविध भक्तीतील क्रमाशी जुळणारा आहे. परतवाड्याजवळील मुक्तागिरी या तीर्थक्षेत्री जाणारे जैन उपासक ज्या तीर्थंकरांची पूजा करतात, ते वीतराग असल्याने ना प्रसन्न होत ना कोपत. कृपा वा दंड या दोहोंचीही अपेक्षा नसलेली ही उपासना स्वामी–सेवक संबंधाच्या चौकटीत बसत नाही.

समीक्षा : दास्यभक्ती ही गुलामगिरी की स्वातंत्र्य, याचा निर्णय ‘दास’ या शब्दावरून होत नाही. परंपरेच्या अंतर्गत विवेचनातून त्यासाठी तीन कसोट्या मिळतात : भक्ती विचारपूर्वक स्वीकारलेली आहे काय; ती भय व लाभ यांपासून मुक्त आहे काय; आणि सेवकाला स्वामीशी भांडण्याइतकी जवळीक लाभते काय. सामाजिक चळवळींनी त्यांत चौथी कसोटी घातली : देवाच्या दारात येण्याची आणि तेथून निघून जाण्याची मोकळीक सर्वांना सारखीच आहे काय. १९५० मध्ये अंमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने सद्‌सद्विवेकबुद्धीचे व धर्माचरणाचे स्वातंत्र्य दिले आणि हिंदूंच्या सार्वजनिक धर्मसंस्था सर्व वर्गांना खुल्या करण्याचा अधिकारही राज्याला दिला. जे दार बंद होऊ शकते, त्यापुढचे लोटांगण आणि ज्या दारातून बाहेर पडता येत नाही, त्यामागचे नमन ही दोन्ही भक्तीच्या व्याख्येत बसत नाहीत. नाकारणे शक्य असताना केलेली सेवाच प्रेमाची खूण ठरते, आणि या अर्थानेच दास्य हे भक्तीचे एक स्वतंत्र व श्रेष्ठ रूप मानता येते.