छापील नक्षी धातूवर उतरवताना : कलम चालविण्यापूर्वी घ्यावयाची दक्षता

सावनेर तालुक्यातील कन्हान नदीकाठचे खापा हे विणकरांचे गाव म्हणून ओळखले जाते. विणकर नवी नक्षी एकदम मागावर घेत नाही. आधी ती चौकटीच्या कागदावर काढतो, घरे मोजतो आणि मगच धाग्याला हात लावतो. कागदावरची चूक खोडता येते, विणलेली चूक निदान उसवता तरी येते. धातूवर कोरीवकाम करणाऱ्या कारागिराला ही सवलत नाही. पितळेत एकदा गेलेली रेघ परत भरून येत नाही. म्हणून आपल्या कारागीर बांधवांनी विणकराचा हा धडा गिरवणे फायद्याचे आहे.

भांड्यावर नाव घालण्यापुरते हे काम आता राहिलेले नाही. कलमा किंवा आयतुल कुर्सी असलेली पितळी पाटी, घराच्या दारावरचे नाव, लग्नातील भेटवस्तू अशा मागण्या येतात. गिऱ्हाईक मोबाईलमधील नमुना छापून आणतो आणि 'हुबेहूब असेच पाहिजे' म्हणतो. अशा वेळी नक्षी धातूवर उतरवण्याची बिनचूक रीत माहीत असली पाहिजे.

आपल्याकडे याची जुनी परंपरा आहे. मराठवाड्याला लागून असलेल्या बीदरचे बिदरी काम जगप्रसिद्ध असून तेथील कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. बिदरीचे भांडे जस्त आणि थोड्या तांब्याच्या मिश्रणाचे असते. ते घासून गुळगुळीत केल्यावर त्यावर मोरचुदाचे पाणी चोळतात. त्याने पृष्ठभाग तात्पुरता काळा पडतो आणि टोकदार सुईने ओढलेली रेघ चमकून दिसते. पितळेवर मात्र मोरचूद असा काळा रंग देत नाही. तेथे दुसरे उपाय करावे लागतात.

पहिला उपाय कार्बन पेपरचा. पत्रा बारीक पॉलिश पेपरने घासून साबणाने धुवावा. त्यावर पांढऱ्या पोस्टर रंगाचा पातळ हात द्यावा आणि वाळू द्यावा. वर कार्बन, त्यावर नक्षीचा कागद चिकटपट्टीने पक्का करून कडक पेन्सिलीने रेघा गिरवाव्यात. हाताच्या घामाने ही नक्षी पुसते, म्हणून लगेच सुईने हलकी खूण ओढून घ्यावी. मग रंग धुतला तरी चालतो. या रीतीत नक्षी सरळ उतरते.

दुसरा उपाय इस्त्रीचा. झेरॉक्स किंवा लेसर प्रिंटची काळी पूड म्हणजे प्लास्टिक असते आणि ती उष्णतेने वितळून धातूला चिकटते. इंकजेट प्रिंटची शाई अशी चिकटत नाही, हे आधी विचारून घ्यावे. पत्र्यावर लॅकर असेल तर ते काढावे, पत्रा धुवावा आणि नंतर त्याला बोट लावू नये. जाड पत्रा उष्णता ओढून घेतो, म्हणून तो आधी गरम करावा. गुळगुळीत कागदावरील प्रिंट पालथी ठेवून इस्त्री दाबून फिरवावी. थंड झाल्यावर पत्रा पाण्यात भिजवून कागद अंगठ्याने अलगद चोळून काढावा. काळी नक्षी पत्र्यावर राहते आणि तिच्यावरून थेट कोरता येते.

काही जण इस्त्रीऐवजी ॲसिटोन वापरतात. ते जास्त झाले तर नक्षी पसरते. शिवाय ते चटकन पेट घेते. दारे-खिडक्या उघडी ठेवावीत. शेगडी किंवा बिडी जवळपास नसावी.

खरा धोका पुढे आहे. प्रिंट पालथी ठेवली की अक्षरे उलटी उतरतात. म्हणून छापतानाच नमुना आरशातल्यासारखा उलटा करून घ्यावा लागतो. फुलापानांच्या नक्षीत हे चुकले तर फारसे बिघडत नाही, पण आयत उलटी कोरली गेली तर पत्रा भंगारात जातो आणि मनाला लागते ते वेगळेच. ज्याला अरबी वाचता येत नाही त्याच्या ही चूक लक्षातही येत नाही.

नुक्त्याचेही तसेच. बे, ते, से या अक्षरांचा आकार एकच, फरक केवळ नुक्त्यांचा. उर्दूत 'रहमत'च्या रे वर एक नुक्ता पडला की 'जहमत' होते. कागद चोळून काढताना सर्वांत आधी निघतात ते हे बारीक ठिपकेच, आणि धुळीचा कण नसलेला नुक्ता तयार करतो. म्हणून नक्षी उतरल्यावर मूळ नमुना शेजारी ठेवून एकेक नुक्ता मोजावा. आयत असेल तर एखाद्या हाफिज किंवा मौलवीसाहेबांना दाखवावी आणि मगच हातोडी उचलावी. पाच मिनिटांच्या या तपासणीने दिवसभराची मेहनत वाचते. भिजलेल्या कागदाचा लगदा व ते पाणी गटारात टाकू नये, स्वच्छ जागी मातीत जिरवावे.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. उतरवलेली नक्षी गिऱ्हाईकाला दाखवून नमुन्याच्या कागदावर त्याची सही घ्यावी, म्हणजे पुढे वाद राहत नाही. दुसरे, यंत्राने कोरलेला माल हाताचा म्हणून विकू नये. मालाचा दोष झाकणे आपल्या दीनमध्ये मना आहे. छापील नक्षीचा आधार घेण्यात मात्र कमीपणा नाही. गिऱ्हाईक पैसे देतो ते कलमाच्या खोलीचे, वळणाचे आणि सफाईचे, आणि ती छापखान्यातून येत नाही.

कागद कोणीही छापून आणील. त्यातले बरोबर-चूक पारखून मगच कलम चालवील तो खरा कारागीर. अशा हाताला इन्शाअल्लाह कामाची वाण पडणार नाही.