घटक ६ : मापनश्रेणीची विश्वसनीयता आणि तिची संगणकीय तपासणी

६.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
● मापनश्रेणीची आंतरिक सुसंगती म्हणजे काय, हे सांगता येईल.
● क्रॉनबॅक अल्फा हा गुणांक लहान उदाहरणात स्वतः काढता येईल.
● सॉफ्टवेअरने दिलेले तक्ते वाचून योग्य निर्णय घेता येईल.
● विश्वसनीयता आणि सप्रमाणता यांतील फरक स्पष्ट करता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, प्रश्नावलीतील काही प्रश्न केवळ माहिती विचारतात. वय, शिक्षण, गाव, घरात बोलली जाणारी भाषा ही अशा माहितीची उदाहरणे होत. अभिवृत्तीचे मात्र तसे नसते. ‘आपल्या बोलीविषयी तुम्हाला काय वाटते?’ या एका प्रश्नाच्या उत्तरातून माणसाची अभिवृत्ती हाती लागत नाही. म्हणून एकाच गोष्टीकडे निरनिराळ्या बाजूंनी पाहणारी अनेक विधाने दिली जातात आणि त्यांवरील गुणांची बेरीज घेतली जाते. ‘पूर्णपणे असहमत’ ते ‘पूर्णपणे सहमत’ अशा पायऱ्यांची ही पद्धत रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडली. आज ती ‘लिकर्ट श्रेणी’ या नावाने ओळखली जाते.

अशी बेरीज करण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. ही विधाने खरोखर एकमेकांशी जुळणारी आहेत काय? ती जुळत नसतील, तर त्यांच्या बेरजेला काही अर्थ उरत नाही. तरीही त्या बेरजेच्या आधारे आपण ‘या गावातील तरुणांना आपल्या बोलीची लाज वाटते’ असा निष्कर्ष काढला, तर तो आपल्यावर विश्वास ठेवून उत्तरे देणाऱ्या माणसांवर अन्याय ठरेल. विश्वसनीयतेची तपासणी करावयाची ती एवढ्यासाठी. प्रकल्प अहवालातील एक रकाना भरणे हा तिचा हेतू नव्हे.

६.२ आंतरिक सुसंगती आणि क्रॉनबॅक अल्फा

विश्वसनीयता तपासण्याच्या अनेक पद्धती आहेत. तीच श्रेणी त्याच व्यक्तींना काही दिवसांनी पुन्हा देणे ही पुनर्चाचणी पद्धती होय. विधानांचे दोन गट पाडून त्यांतील सहसंबंध पाहणे ही अर्धविच्छेद पद्धती होय. पहिल्या पद्धतीत प्रतिसादक पुन्हा भेटावे लागतात. दुसऱ्या पद्धतीत गट कसे पाडले, त्यावर उत्तर बदलते. ली क्रॉनबॅक यांनी १९५१ मध्ये विवेचन केलेला अल्फा गुणांक एकाच वेळी गोळा केलेल्या उत्तरांवरून आणि सर्व विधाने एकत्र विचारात घेऊन काढता येतो. त्यामुळे लहान प्रकल्पांत त्याचाच वापर अधिक होतो. त्याचे सूत्र असे :

अल्फा = [क ÷ (क − १)] × [१ − (विधानांच्या प्रचरणांची बेरीज ÷ एकूण गुणांचे प्रचरण)]

येथे ‘क’ म्हणजे विधानांची संख्या आणि प्रचरण म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग. सूत्रामागील कल्पना सोपी आहे. एका विधानाला अधिक गुण देणारी व्यक्ती इतर विधानांनाही अधिक गुण देत असेल, तर व्यक्तीव्यक्तींच्या एकूण गुणांतील अंतर वाढते, म्हणजेच एकूण गुणांचे प्रचरण मोठे होते. विधाने परस्परविरुद्ध दिशांना ओढत असतील, तर एकाची वाढ दुसऱ्याच्या घटीने खाल्ली जाते आणि हे प्रचरण लहान राहते.

६.३ एक उदाहरण

समजा, ‘स्वतःच्या बोलीविषयीची अभिवृत्ती’ मोजण्यासाठी तुम्ही पुढील चार विधाने तयार केली. प्रतिसादकांची बोली अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी अशी कोणतीही असू शकेल.

१. चारचौघांत माझ्या बोलीत बोलायला मला आवडते.
२. माझ्या बोलीतील शब्द पुढच्या पिढीला यावेत असे मला वाटते.
३. माझ्या बोलीतील कथा-कविता वाचण्याची मला उत्सुकता असते.
४. शिकलेल्या माणसाने बोलीत बोलणे कमीपणाचे आहे.

पाच व्यक्तींनी १ ते ५ या पायऱ्यांवर दिलेली उत्तरे पुढीलप्रमाणे आहेत असे मानू. (हे आकडे केवळ सरावासाठी घेतले आहेत. प्रत्यक्ष तपासणीसाठी पाच प्रतिसादक फारच अपुरे पडतात.)

व्यक्ती | वि. १ | वि. २ | वि. ३ | वि. ४ | एकूण
अ | ५ | ४ | ५ | २ | १६
ब | ४ | ५ | ४ | १ | १४
क | ४ | ३ | ३ | ३ | १३
ड | २ | २ | ३ | ४ | ११
इ | १ | १ | २ | ४ | ८

चार विधानांची प्रचरणे अनुक्रमे २.७, २.५, १.३ आणि १.७ येतात, त्यांची बेरीज ८.२. एकूण गुणांचे प्रचरण ९.३ आहे. ही मूल्ये सूत्रात घातली की अल्फा ०.१६ येतो. इतक्या कमी गुणांकाच्या श्रेणीवर कोणताही निष्कर्ष उभा करता येणार नाही.

आता चौथे विधान पुन्हा वाचा. त्याच्याशी सहमत असणे म्हणजे बोलीविषयी प्रतिकूल असणे होय. म्हणून त्याचे गुणदान उलटे करावयास हवे. पाच पायऱ्यांच्या श्रेणीत नवा गुण = ६ − जुना गुण. यानुसार चौथ्या विधानाचे गुण ४, ५, ३, २, २ असे होतात आणि एकूण गुण १८, १८, १३, ९, ६ असे येतात. विधानांच्या प्रचरणांची बेरीज पूर्वीइतकीच, म्हणजे ८.२ राहते. एकूण गुणांचे प्रचरण मात्र ९.३ वरून २८.७ वर जाते आणि अल्फा ०.९५ होतो.

या बदलात एकाही व्यक्तीचे उत्तर बदललेले नाही. बदलली ती आपली वाचण्याची दिशा.

६.४ सॉफ्टवेअरमधील कृती

एसपीएसएस हे सामाजिक शास्त्रांसाठी १९६८ पासून वापरात असलेले सॉफ्टवेअर आहे. त्याच्याशी मिळतेजुळते पीएसपीपी हे सॉफ्टवेअर विनामूल्य उपलब्ध आहे. एसपीएसएसमध्ये पुढील क्रमाने काम करावे.

(१) प्रत्येक प्रतिसादकासाठी एक आडवी ओळ आणि प्रत्येक विधानासाठी एक उभा स्तंभ ठेवावा. उत्तर न दिलेल्या ठिकाणी ९९ असा संकेतांक लिहिला असेल, तर तो ‘मिसिंग’ म्हणून नोंदवावा. अन्यथा संगणक ९९ हाच गुण धरून गणित करील.
(२) ‘ट्रान्सफॉर्म’ या यादीतील ‘रिकोड इनटू डिफरंट व्हेरिएबल्स’ वापरून प्रतिकूल विधानांचे उलट गुणदान करावे. मूळ स्तंभ तसाच राखावा.
(३) ‘अ‍ॅनलाइझ’, ‘स्केल’, ‘रिलायबिलिटी अ‍ॅनालिसिस’ या क्रमाने जावे. केवळ एका श्रेणीची विधाने ‘आयटम्स’ चौकटीत घ्यावीत. वय, शिक्षण असे माहितीपर स्तंभ घेऊ नयेत. प्रश्नावलीत दोन श्रेणी असतील, तर प्रत्येकीचा अल्फा स्वतंत्र काढावा.
(४) ‘मॉडेल’मध्ये ‘अल्फा’ निवडावे आणि ‘स्टॅटिस्टिक्स’मध्ये ‘स्केल इफ आयटम डिलीटेड’ यावर खूण करावी.

६.५ तक्त्यांचे वाचन

पहिल्या तक्त्यात किती प्रतिसादक विचारात घेतले, ते दिसते. एकाही विधानाचे उत्तर राहून गेले असल्यास ती संपूर्ण ओळ वगळली जाते. त्यामुळे ही संख्या अवश्य पाहावी. दुसऱ्या तक्त्यात अल्फा असतो.

‘आयटम-टोटल स्टॅटिस्टिक्स’ हा तक्ता सर्वांत महत्त्वाचा. त्यातील एक स्तंभ प्रत्येक विधानाचा उरलेल्या विधानांच्या बेरजेशी असलेला सहसंबंध दाखवतो. तो साधारणपणे ०.३० पेक्षा कमी असल्यास त्या विधानाकडे लक्ष द्यावे, असा संकेत आहे. शेवटचा स्तंभ ते विधान वगळल्यास अल्फा किती होईल, हे सांगतो.

आपल्या उदाहरणात उलट गुणदान न करता हा तक्ता काढला, तर चौथ्या विधानासमोर सहसंबंध −०.८९ आणि ‘वगळल्यास अल्फा’ ०.९४ असे आकडे दिसतील. येथेच अनेकांचा हात ते विधान पुसून टाकण्याकडे जातो, कारण तसे केल्यास अल्फा उत्तमच येतो. पण मग श्रेणीत केवळ बोलीच्या आवडीची विधाने उरतील. बोलीत बोलणे कमीपणाचे वाटते काय, हा अभ्यासाचा गाभ्याचा प्रश्न मात्र निसटून जाईल. ऋण सहसंबंध ही खूण आहे. तिचे कारण संगणक सांगत नाही. ते तुम्ही विधान वाचून शोधावयाचे आहे.

उलट गुणदानानंतरही सहसंबंध कमी राहिला, तर विधानाची भाषा तपासा. ‘बोलीत बोलायला मला संकोच वाटत नाही’ या विधानाशी ‘असहमत’ होताना नकारावर नकार येतो आणि प्रतिसादक गोंधळतो. ‘माझी बोली गोड आणि सोपी आहे’ या विधानात दोन गोष्टी एकत्र विचारल्या आहेत. अशी विधाने पूर्वचाचणीतच सुधारून घ्यावीत. विधान वगळणे अटळ असेल, तर त्याचे कारण अहवालात नमूद करावे.

६.६ अल्फाच्या मर्यादा

०.७० किंवा त्याहून अधिक अल्फा समाधानकारक मानण्याची प्रथा आहे. परंतु व्यक्तीची निवड किंवा उपचार अशा निर्णयांसाठी किमान ०.९० हवा, असे जुम नन्ली यांनी प्रतिपादन केले होते. म्हणजे ‘पुरेसा’ अल्फा किती, हे त्याच्या उपयोगावर अवलंबून असते.

दुसरे असे की, विधानांची संख्या वाढवली की अल्फा वाढतो. विधानांमधील सरासरी सहसंबंध ०.३० इतकाच ठेवला, तर ५ विधानांना ०.६८, १० विधानांना ०.८१ आणि २० विधानांना ०.९० अल्फा मिळतो. फार उंच अल्फा एकच विधान शब्द बदलून पुन्हा पुन्हा विचारल्यानेही येऊ शकतो.

तिसरे, विश्वसनीयता त्या गटाकडून मिळालेल्या गुणांची असते. मॉरिस रोझेनबर्ग यांच्या १९६५ मधील आत्मसन्मान श्रेणीत १० विधाने असून त्यांपैकी ५ प्रतिकूल आहेत. तिचा मराठी अनुवाद वापरावयाचा झाल्यास आपल्या प्रतिसादकांवर अल्फा नव्याने काढावा लागतो.

शेवटी, विश्वसनीयता म्हणजे सप्रमाणता नव्हे. आपली चार विधाने परस्परांशी उत्तम जुळतील. पण बोली आवडते असे लिहिणारी व्यक्ती घरी मुलांशी त्या बोलीत बोलते काय, हे त्यांतून कळत नाही. श्रेणी जे मोजते असे आपण म्हणतो तेच ती मोजते काय, हा सप्रमाणतेचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर अल्फा देत नाही.

६.७ आपली प्रगती तपासा

१. तीन विधानांच्या श्रेणीत विधानांच्या प्रचरणांची बेरीज ६.५ आणि एकूण गुणांचे प्रचरण १७.३ आहे. अल्फा किती?
२. सात पायऱ्यांच्या श्रेणीत प्रतिकूल विधानाला ६ गुण मिळाले. उलट गुणदानानंतरचा गुण कोणता?

उत्तरे : १. ०.९४. हाच आकडा ६.५ मध्ये ‘वगळल्यास अल्फा’ म्हणून आला आहे. तो कसा आला, ते ताडून पाहा. २. दोन (८ − ६).

६.८ सारांश

अल्फा विधानांची परस्पर सुसंगती मोजतो. तो काढण्यापूर्वी उलट गुणदान आणि गहाळ उत्तरांची नोंद आवश्यक असते. कमी अल्फा दिसताच विधान वगळण्याची घाई न करता आधी त्याचा अर्थ, दिशा आणि भाषा तपासावी. अहवालात अल्फासोबत विधानांची व प्रतिसादकांची संख्या, तसेच केलेले बदल नोंदवावेत.

६.९ स्वाध्याय

वाचनाविषयीच्या अभिवृत्तीवर सहा विधाने लिहा. त्यांपैकी दोन प्रतिकूल ठेवा. किमान ३० व्यक्तींकडून उत्तरे घेऊन उलट गुणदानापूर्वीचा आणि नंतरचा अल्फा काढा व दोहोंतील फरकाचे कारण आपल्या शब्दांत लिहा.